सेवेलाही साधना हवी

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज वैष्णवांचा मेळा भरला आहे आणि ज्यांना पंढरी गाठता आली नाही, त्यांनी घरातल्या देव्हाऱ्यापुढेच पंढरी उभी केली आहे. आपल्या पिंपरी-चिंचवड परिसराला या सोहळ्याचे अगत्य अंमळ अधिकच. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून श्रीतुकाराम महाराजांची पालखी निघते, ती निगडीच्या वाटेने येऊन आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी प्रस्थान ठेवते आणि दिघीच्या बाजूने पुण्याकडे जाते. एरवी ज्या रस्त्यांवर मालमोटारींची रांग आणि पाळी सुटलेल्या कामगारांची लगबग, त्याच रस्त्यांवर त्या दोन-तीन दिवसांत तुळशीवृंदावने आणि भगव्या पताका डोलू लागतात. कामगार मग कामगार राहत नाही, तो सेवेकरी होतो. कोणी पाणी देतो, कोणी पाय चेपतो, कोणी पंगतीत वाढतो, कोणी वारकऱ्यांच्या फाटलेल्या चपला शिवून देतो. हे दृश्य पाहून ज्याचे मन भरून येत नाही, असा माणूस या मुलखात विरळाच.

या सेवेचे कौतुक आम्ही अनेकदा केले आहे आणि यापुढेही करू. परंतु आजच्या पवित्र दिवशी कौतुकाच्या पलीकडचे दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते. सेवेकरी उदंड झाले. पण या सेवेकऱ्यांना सांभाळणारा, त्यांना कामाला लावणारा, त्यांची काळजी वाहणारा जो प्रमुख, त्याच्या शिक्षणाचे काय? त्याला हे काम कोणी शिकवले आहे का?

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आमच्या मनातून अजून जात नाही. याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका विसाव्याच्या ठिकाणी आम्ही उभे होतो. पाणीवाटपाच्या टँकरपाशी दहा-बारा तरुण होते. बहुतेक जण रात्रपाळी करून थेट आलेले. अंगात एकसारखे सदरे, छातीवर बिल्ले, डोळ्यांत झोप आणि चेहऱ्यावर विलक्षण उत्साह. तेवढ्यात रथ आल्याची हाक उठली. क्षणात सारे तरुण दर्शनाला धावले. टँकरचा नळ तसाच वाहता राहिला, भोवती चिखल झाला आणि पाण्यासाठी आलेली एक वृद्ध वारकरी बाई घसरून पडली. तिला उचलले ते शेजारच्या दिंडीतल्या बायकांनी. रुग्णवाहिका कोठे उभी आहे, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. स्वयंसेवकांचे प्रमुख त्या वेळी व्यासपीठावर पाहुण्यांना नारळ देण्यात गुंतले होते. त्यांना घडला प्रकार कळला तेव्हा ते धावत आले आणि सर्वांदेखत त्या तरुणांना टाकून बोलले. सायंकाळी त्यांतला एक मुलगा आमच्यापाशी येऊन खालच्या मानेने म्हणाला, “काका, जागा सोडायची नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.” पुढल्या वर्षी तो मुलगा आम्हांस तेथे दिसला नाही.

ती बाई थोडक्यात बचावली, ही पांडुरंगाची कृपा. परंतु त्या दिवशी दोन माणसे दुखावली गेली, एक शरीराने आणि एक मनाने. आणि दुसऱ्या जखमेची नोंद कोठेच झाली नाही. दोष कोणाचा म्हणावा? मुलाचा नव्हे, तो भक्तीने आला आणि भक्तीनेच धावला. प्रमुखांचाही आम्ही सर्वस्वी म्हणणार नाही. ते सज्जन गृहस्थ होते, पदरमोड करून राबणारे होते. माणसे जमवणे त्यांना येत होते; जमलेली माणसे हाताळण्याची विद्या मात्र त्यांना कोणी दिलीच नव्हती.

येथेच आमच्या या नगरीचे एक मोठे नवल दिसते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे मोटारींचे, दुचाकींचे, सुट्या भागांचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि त्यानंतर उद्योगांची वाट भोसरीवरून थेट चाकणपर्यंत गेली. या साऱ्या काळात कारखान्याने आपल्याला एक गोष्ट शिकवली. शिकल्यावाचून यंत्राला हात लावायचा नाही. नवा मुलगा आला की त्याला आधी उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिला रीतसर रूप दिले. फोरमन होणाऱ्याला तर वेगळे शिक्षण. पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटे उभे राहून आजचे काम आणि आजचा धोका सांगायचा, पाळी बदलताना येणाऱ्याच्या हाती काम समजावून सोपवायचे, अपघात थोडक्यात टळला तरी तो वहीत लिहायचा, ही शिस्त येथल्या हजारो घरांतल्या कर्त्या माणसाच्या अंगवळणी पडली आहे. मात्र हाच माणूस रविवारी मंडळाच्या मांडवात आला की ही सारी विद्या कारखान्याच्या फाटकाबाहेर विसरून येतो. लोखंडाच्या तुकड्यासाठी जी काळजी, ती जिवंत माणसासाठी नको काय?

यावर काही भाविक म्हणतील की सेवा हा भावाचा प्रांत आहे, तेथे शिक्षणाचे आणि व्यवस्थापनाचे अवडंबर कशाला? ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. भाव हे मूळ खरे; पण भावाला वळण लागते ते शिक्षणाने. टाळ धरण्यालाही शिकावे लागते. मृदंगावर थाप पडण्याआधी वर्षानुवर्षे बोटे झिजतात. कीर्तनाची वीणा गळ्यात घालण्याआधी पाठांतर लागते. वारकरी संप्रदायाने शिक्षणाला कधी कमी लेखले नाही. वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच जाणिवेतून. केवळ श्रद्धा आहे म्हणून कोणीही कीर्तनाला उभे राहू नये, त्याने आधी शिकावे, गुरूपाशी बसावे, मग लोकांपुढे यावे, असा त्यांचा आग्रह होता. संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. कीर्तनासाठी चार वर्षे लागतात, तर हजारो वृद्धांचे, लेकुरवाळ्यांचे जीव ज्याच्या व्यवस्थेवर सोपवायचे, त्याला चार रविवारही जड व्हावेत काय?

खरे तर वारी ही स्वतःच या विद्येची शाळा आहे. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी शिस्त त्यांना ठाऊक होती. ती शिस्त त्यांनी भक्तीच्या कामी लावली. रथाच्या पुढे कोणत्या दिंड्या, मागे कोणत्या, प्रत्येकीचा क्रमांक कोणता, हे ठरलेले. दिंडीत पताकाधारी कोठे, टाळकरी कोठे, मृदंगी आणि विणेकरी कोठे, तुळस डोईवर घेतलेल्या माउली कोठे, हेही ठरलेले. एवढा लाखांचा समुदाय. पण प्रत्येकाला आपली दिंडी ठाऊक आणि दिंडीला आपली जागा ठाऊक.

त्याहूनही आम्हांस थोर वाटते ती समाज आरतीची रीत. मुक्कामाच्या तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि एका हाकेसरशी सारा समाज निःशब्द होतो. पण एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तर ती दिंडी शांत होत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो आणि मगच आरती. हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दीही तेव्हाच दिली जाते. यात शिकण्यासारखे किती आहे, पाहा. गाऱ्हाणे सांगण्याची वेळ ठरलेली, रीत ठरलेली. सांगणाऱ्याला उद्धट म्हणत नाहीत. आणि अधिकारी माणूस त्याला आपल्याकडे बोलावून घेत नाही, स्वतः चालत त्याच्यापाशी जातो. आमच्या किती मंडळांत, किती संस्थांत, दिवसभर राबलेल्या सेवेकऱ्याला रात्री कोणी विचारते, “बाबा रे, तुला आज काय अडचण आली?” टाळ वाजवायची सोय नाही म्हणून तो बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून पुढल्या वर्षी येत नाही.

सार्वजनिक सेवेला शिक्षण लागते, हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा येणाऱ्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी लावली. सुशिक्षित, त्यागी तरुणांनाही त्यांनी थेट कामावर सोडले नाही. याच समाजाचे स्वयंसेवक १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात सेवेसाठी गेले. पंडित हृदयनाथ कुंझरू त्यांचे प्रमुख होते आणि डॉक्टर देव त्यांत होते. गांधीजीही फिनिक्सच्या आपल्या मंडळींसह तेथे मदतीला गेले. शौचखड्ड्यांतील मैल्यावर माती टाकण्याचे काम त्यांच्या मंडळींनी पत्करले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केले आहे की सूचना आपली असली, तरी काम पार पाडले ते मगनलाल गांधींनी; आपला वेळ तंबूत बसून लोकांना दर्शन देण्यात आणि चर्चा करण्यात गेला. प्रमुखाच्या अंगी हा प्रामाणिकपणा यायला हवा. ज्याने घाम गाळला, त्याचे नाव आधी, आपले मागाहून.

पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत विद्यार्थ्यांच्या तुकडीवर कार्यक्रम अधिकारी म्हणून प्राध्यापक नेमले गेले आणि त्या अधिकाऱ्यांसाठीही प्रशिक्षणाची सोय झाली. म्हणजे सेवा करणाऱ्यापेक्षा सेवा करवून घेणाऱ्याला अधिक शिकावे लागते, हे तत्त्व शासनानेही मान्य केले. आपल्या धार्मिक उत्सवांनी तेवढे ते अजून मनावर घेतलेले नाही.

मनावर न घेण्याची किंमत काय असते, हेही आजच्या दिवशी विसरून चालणार नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविक प्राणांस मुकले. आणि फार दूर कशाला जावे, २०२५ च्या अनंत चतुर्दशीला आपल्याच चाकण परिसरात गणेश विसर्जन करताना बुडून तरुण मुले गेली. या प्रत्येक ठिकाणी कारणे निराळी होती आणि सगळा भार स्वयंसेवकांवर टाकणे अन्यायाचे होईल; रस्ता, पायऱ्या, घाट, बंदोबस्त ही शासनाची जबाबदारी आहे आणि राहील. पण गर्दी कोठे दाटू लागली, हे आधी दिसते ते तेथे उभ्या असलेल्या सेवेकऱ्याला. पाण्यात कोणी उतरावे, कोणी उतरू नये, हे पहिल्यांदा सांगू शकतो तो मंडळाचा प्रमुख. त्याने ते वेळेवर ओळखावे आणि ठामपणे सांगावे, एवढे शिक्षण त्याला मिळाले, तर एखाद्या घरातला दिवा विझता विझता राहील.

मग हे शिक्षण कसले असावे? ग्रंथांचे नव्हे, अनुभवाचे. प्रमुखाने आधी माणूस ओळखायला शिकावे. शांत स्वभावाचा माणूस रांगेवर, धट्टाकट्टा सामानावर, गोड बोलणारा वृद्धांपाशी. दहा-दहा जणांची तुकडी करावी आणि तुकडीला एक नायक द्यावा. शंभर जणांना एकट्याने हाका मारीत फिरू नये. आदल्या दिवशी सर्वांना जागेवर नेऊन पाण्याची, शौचालयाची, रुग्णवाहिकेची, बाहेर पडण्याच्या वाटेची ओळख करून द्यावी. रात्रपाळी करून आलेल्याला आधी चार तास झोपू द्यावे. थकलेल्या सेवेकऱ्याच्या हातून सेवेऐवजी चूक घडते. भोवळ आलेल्याला कसे निजवावे, हरवलेल्या आजीला नाव-गाव-दिंडी कशी विचारावी, दाटी होऊ लागली तर लोकांना न घाबरवता मागे कसे न्यावे, याची तालीम करून घ्यावी. सेवेला आलेल्या लेकीसुनांना सुरक्षित जागा, सोबत आणि वेळेवर घरी पोहोचवण्याची व्यवस्था असावी. चूक झाली तर एकांतात सांगावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. सोहळा आटोपला की दुसऱ्याच दिवशी सर्वांना बसवून काय साधले, काय चुकले, हे वहीत लिहून ठेवावे. ती वही पुढल्या प्रमुखाच्या हाती द्यावी. आणि सर्वांत अवघड म्हणजे पुढला प्रमुख आपणच घडवावा. वीस-वीस वर्षे एकाच खुर्चीला चिकटणे ही निष्ठा नव्हे.

यासाठी फार मोठा खर्च नको. या पट्ट्यात सुरक्षा अधिकारी आहेत, प्रशिक्षणाच्या खोल्या आहेत, कारखान्यांच्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि परिचारिका आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे अनुभवी प्राध्यापक आहेत, आणि वारीत हयात घालवलेले विणेकरी व चोपदार आहेत. एका रविवारी सुरक्षा अधिकाऱ्याने गर्दीची आणि आगीची गोष्ट सांगावी, दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी प्रथमोपचार शिकवावा, तिसऱ्या रविवारी प्राध्यापकांनी माणसे जोडण्याची रीत सांगावी, आणि चौथ्या रविवारी एखाद्या वृद्ध वारकऱ्याने दिंडीची शिस्त उलगडून दाखवावी.

आजपासून चातुर्मास सुरू होत आहे. घराघरांत कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी पोथी लावील, कोणी रोज देवळात दिवा लावण्याचा नियम करील. आमची विनंती अशी की या परिसरातल्या प्रत्येक मंडळाने, मंदिराने आणि दिंडीने यंदा हाही एक नियम धरावा. चातुर्मासात आपल्या सेवेकऱ्यांच्या प्रमुखाला आणि त्याच्या हाताखालच्या दोघांना हे चार पाठ द्यावेत. भाद्रपदातल्या गणेशोत्सवात त्याची पहिली चाचणी होईल आणि कार्तिक वद्यात आळंदीला माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याची गर्दी लोटेल, तेव्हा खरी परीक्षा.

गृहस्थाश्रमी वाचकांनाही आमचे एक सांगणे आहे. ओळखीच्या सेवेकऱ्याला खुणावून रांग मोडून पुढे जाऊ नका. तुम्ही त्याला धर्मसंकटात टाकता आणि प्रमुखाची महिनाभराची मेहनत एका क्षणात वाया घालवता. घरातला मुलगा सेवेला निघाला तर त्याला विचारा, “तुझी जागा कोणती? तुझा नायक कोण?” उत्तर आले नाही, तर मंडळाकडे जाऊन विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे.

आणि शेवटी त्या टँकरवरच्या मुलाकडे परत यावेसे वाटते. त्याला त्या दिवशी एखाद्या प्रमुखाने जवळ बसवून भक्त पुंडलिकाची कथा आठवण करून दिली असती, तर पुरे झाले असते. प्रत्यक्ष परब्रह्म दारात उभे राहिले, तरी पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही. त्याने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला नाही. तो कटीवर कर ठेवून त्या विटेवर उभा राहिला, तो आजतागायत उभा आहे. सेवेची जागा न सोडणाऱ्यासाठी देव थांबतो, हाच तर पंढरीचा पाया. मात्र या कथेचा दुसरा अर्धा भाग प्रमुखाने स्वतःसाठी लक्षात ठेवायचा आहे. ज्यांना आपण जागेवर उभे केले, त्यांच्या दर्शनाची पाळी आपणच लावून द्यायची, प्रत्येकाला रथापाशी पाठवायचे, त्याच्या जागी तोवर आपण उभे राहायचे आणि स्वतः सर्वांच्या शेवटी जायचे.

असे प्रमुख या श्रमनगरीत घराघरांतून निपजोत, आणि रागावून निघून गेलेला तो मुलगा पुढल्या ज्येष्ठात पुन्हा पाण्याच्या टँकरपाशी उभा दिसो, एवढेच मागणे आज आम्ही पांडुरंगाच्या चरणी मागतो.